काचेला घाम फुटतो तेव्हा...

थंडी पडली की पुरवण्यांमधून आपल्याला काय काय सांगितलं जातं! टाचांच्या भेगांना कोकम तेल, ओठांना तूप, डिंकाचे लाडू, लोकरीचे कपडे धुण्याची पद्धत. सगळं उपयोगाचं आहे, मीही आवडीने वाचते. पण मैत्रिणींनो, आज मी लिहिणार आहे ते जुन्या गाडीच्या काचेबद्दल. हसू नका. ज्या घरात पंधरा-वीस वर्षांची मारुती उभी आहे आणि ज्या घरातली बाई डिसेंबर-जानेवारीत अंधारातच त्या गाडीत बसते, तिला मी काय म्हणतेय ते लगेच कळेल. मग ती स्टिअरिंगवर असो, नाही तर शेजारच्या सीटवर हातात फडकं घेऊन.

हो, ते फडकं! शेजारच्या सीटवरच्या बाईचं हे ठरलेलंच काम. मांडीवर लेकरू, पायाशी पिशवी आणि दर दोन मिनिटांनी फर्मान, "अगं पूस ना जरा, काही दिसत नाही." मग कधी रुमाल, कधी ओढणी, काहीच सापडलं नाही तर पदर. पुसलं की क्षणभर समोरचा रस्ता दिसतो आणि पुन्हा काच धुरकट. पुन्हा पूस. मी कितीतरी घरांत हे पाहिलंय. काचेवर ही वाफ धरते कुठून आणि ती मुळात धरूच नये म्हणून काही करता येईल का, हे विचारायचं मात्र कुणाला सुचत नाही. पुसायला माणूस आहे ना शेजारी!

आम्ही चौघी शिक्षिका. राहायला वाशिमला, शाळा रिसोड रस्त्याच्या आतल्या खेड्यांत. म्हणजे रोजचं अप-डाऊन. (मुख्यालयी राहण्याचा नियम आम्हालाही पाठ आहे, पण तो वाद इथे नको.) इतर दिवशी एसटी, काळी-पिवळी, कुणाची तरी दुचाकी असं काहीतरी जमून जातं. पण शनिवारची सकाळची शाळा असली की पंचाईत. त्या वेळेला धड एसटी नाही आणि थंडीत दुचाकीवर कान गोठतात. म्हणून आमच्या गणिताच्या मॅडमनी घरातली जुनी मारुती ८०० बाहेर काढली. पेट्रोल चौघींत वाटून घ्यायचं आणि गाडी त्यांनी चालवायची. गावात सुरुवातीला कुतूहल होतं. चार बाया आणि ड्रायव्हर नाही म्हणून लोक वळून पाहायचे. आता कुणी पाहत नाही.

गाडी २००३ सालची, बिनाएसीची. त्या मॅडमच्या यजमानांनी ती सेकंडहँड घेतलेली. पहिली मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. पण आपल्याकडच्या तालुक्याच्या गावांत ती अजून पळताना दिसते. पंधरा वर्षं झाली की आरटीओत जाऊन पुन्हा नोंदणी करायची, पर्यावरण कर भरायचा आणि पुढे चालवायची. नवी गाडी घेणं सगळ्यांनाच कुठे जमतं? आणि खरं सांगू का, इंजिन चांगलं असलं की ही गाडी दगा देत नाही. दगा देते ती काच.

आपला वाशिम जिल्हा म्हणजे काही काश्मीर नव्हे. मे महिन्यात इथे जीव नकोसा होतो. पण डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा दहा-बारा अंशांवर येतो, कधी त्याच्याही खाली उतरतो. एकबुर्जीचा तलाव असो, कारंज्याकडचं अडाण धरण असो की पैनगंगेचा काठ, पाण्याच्या जवळ आणि सखल भागात धुवारी दाटते. शेतकरी त्या धुवारीला घाबरतो, कारण तुरीचा फुलोरा गळतो. गाडीवाल्यानेही घाबरायला हवं. फक्त रस्त्यावरची धुवारी वेगळी आणि काचेवरची वेगळी, हे आधी समजून घ्यायला हवं. रस्त्यावरची आपल्या हातात नाही. काचेवरची पूर्णपणे आपल्या हातात आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीतली गोष्ट. शनिवार. आम्ही अंधारातच निघालो. थंडी इतकी की चारही काचा घट्ट वर. मागे बसलेल्या एकीने नुकतेच केस धुतलेले, दुसरीच्या मांडीवर गरम पोह्यांचा डबा, तिचं झाकण जरा सैल. गप्पा चालू. गावाबाहेर पडेपर्यंत समोरची काच दुधासारखी झाली. गणिताच्या मॅडमनी गाडी चालवता चालवताच तळहाताने एक गोल पुसला. तेवढ्यात समोरून ट्रक आला. त्याचा उजेड त्या ओल्या, फरकाटलेल्या काचेवर असा पसरला की पुढचं सगळं पांढरं. ट्रक गेला आणि आमच्या पुढ्यात, दहा-बारा हातांवर, कुटाराने शिगोशीग भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली. मागे दिवा नाही, रेडियमची पट्टी नाही. मॅडमनी ब्रेक दाबला. गाडी बंद पडली. पोह्यांचा डबा पुढच्या सीटवर आदळला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण मिनिटभर कुणी बोललं नाही. मग मागच्या मॅडमना मळमळायला लागलं म्हणून त्यांनी आपली काच अर्धी खाली घेतली, मी माझी घेतली. बोचरं वारं आत आलं. आणि गाडी सुरू करून थोडं पुढे जातो न जातो तोच समोरची काच कडेकडेने साफ व्हायला लागली. कुणी हात लावला नव्हता.

मी विज्ञान शिकवते. सोमवारी वर्गात जाऊन बाष्पीभवन आणि संघनन शिकवताना हेच उदाहरण घेतलं. तेच तुम्हालाही सांगते, आपल्या स्वयंपाकघरातल्या भाषेत.

भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचललं की आतून पाण्याचे थेंब गळतात. वाफ गरम, झाकण त्या मानाने थंड, म्हणून वाफेचं पाणी झालं. आणि उन्हाळ्यात फ्रिजमधली बाटली ओट्यावर ठेवली की तिला बाहेरून घाम येतो. बाहेरच्या हवेतली वाफ थंड बाटलीवर जमली. थंडीतली गाडी म्हणजे भाताचं पातेलं. वाफ आत, थंड काच म्हणजे झाकण. आणि आतली वाफ येते कुठून? आपल्याच श्वासातून!

थोडे आकडे देते, कंटाळू नका. १० अंशांच्या एक घनमीटर हवेत जेमतेम साडेनऊ ग्रॅम वाफ मावते. २० अंशांच्या हवेत १७ ग्रॅम, ३० अंशांच्या हवेत ३० ग्रॅम. म्हणजे हवा जितकी थंड, तितकी तिची झोळी लहान. आता शांत बसलेला माणूससुद्धा श्वासातून आणि अंगातून मिळून तासाला साधारण ४० ते ५० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. चौघी मिळून तासाला दीडशे-दोनशे ग्रॅम, म्हणजे मोठा कपभर पाणी. ओले केस आणि पोह्यांची वाफ वेगळीच. आणि छोट्या गाडीत हवा किती? फार तर अडीच घनमीटर. थंडगार काचेला चिकटलेल्या हवेची झोळी भरायला तीन-चार मिनिटं पुरतात. आम्ही गावाबाहेर पडेपर्यंत काच दुधासारखी झाली ती काही उगीच नाही.

हे कळलं की पहिली सवय आपोआप सुटते. कुठली? थंडी वाजते म्हणून सगळ्या काचा वर करून बसण्याची. आता आमच्या गाडीत पुढची डावी काच बोटभर आणि मागची उजवी काच बोटभर, अशा दोन तिरक्या काचा उघड्या असतात. एका बाजूने हवा येते, दुसऱ्या बाजूने श्वासाची वाफ घेऊन जाते. एकच काच उघडली तर वारं नुसतं अंगावर येतं, काम अर्धंच होतं. थंडी वाजते ना, वाजतेच! शाल घ्या, स्कार्फ घ्या, सासूबाईंची जुनी गोधडी मांडीवर घ्या. गाडी गरम ठेवण्यापेक्षा माणसं गरम ठेवणं सोपं आहे.

दुसरी गोष्ट डॅशबोर्डवरच्या खटक्याची. बहुतेक गाड्यांत एक खटका असतो. एका बाजूला केला की बाहेरची हवा आत येते, दुसऱ्या बाजूला केला की आतलीच हवा आत फिरत राहते. आपल्याकडचे रस्ते धुळीचे, म्हणून तो खटका वर्षानुवर्षं 'आतल्या आत'वरच असतो, इतका की कित्येक जुन्या गाड्यांत तो तिथेच गंजून बसतो. थंडीत तो 'बाहेरची हवा'वर हवा आणि ब्लोअरचा झोत तोंडावर नको, काचेवर हवा. त्याच्यासाठी काचेचं नि वर जाणाऱ्या वाफेचं छोटं चित्र असतं, ते बघा. गणिताच्या मॅडमच्या गाडीत खटका फिरवला तरी हवा येईना. बॉनेट उघडून काचेखालची जाळी पाहिली तर तिच्यात कडुलिंबाची वाळकी पानं गच्च. गाडी अंगणातल्या लिंबाखाली उभी राहते ना! ती पानं काढली, पसाभर निघाली. त्या जाळीतून पावसाचं पाणी वाहून जायची वाटही असते. ती तुंबली की पाणी गाडीत झिरपतं आणि ओल कुठून येते ते कळत नाही.

ओल हा तिसरा शत्रू, आणि माझ्या मते सगळ्यात लबाड. जुन्या गाडीच्या दारांची रबरं कडक होतात, कुठेतरी पत्र्याला गंजून भोक पडतं आणि पावसाळ्यातलं पाणी पायाखालच्या मॅटच्या आत, फोममध्ये मुरतं. वरून मॅट कोरडी दिसते. दिवाळी होऊन गेली तरी आतलं फोम ओलं असतं आणि दिवसा गाडी तापली की त्याची वाफ आतच साठते. गाडीचं दार उघडल्यावर कुबट वास आला की समजा, आत पाणी आहे. मॅट उचला आणि हाताने दाबून बघा. आपल्या वऱ्हाडातलं थंडीतलं ऊन म्हणजे फुकटचं ड्रायर आहे, दुपारची हवा खडखडीत कोरडी असते. एखाद्या रविवारी चारही दारं उघडी टाकून, मॅट कंपाउंडच्या भिंतीवर वाळत घालून गाडी उन्हात ठेवा. पापड-कुरडया वाळवणाऱ्या बाईला हे काय शिकवायचं! ओल जास्त असेल तर मॅटखाली दोन रात्री जुन्या वर्तमानपत्रांचे जाड थर घाला, सकाळी ते ओले काढून टाका. ही पुरवणीसुद्धा चालेल, पण वाचून झाल्यावर, बरं का.

कुणी सांगतात, गाडीत मिठाची पुरचुंडी ठेवा. मीठ ओल ओढतं हे खरं, पावसाळ्यात आपली मिठाची बरणी कशी पाझरते ते आपण बघतोच. पण हवा चांगली दमट असली तरच ते ओढतं. रात्रभर बंद उभ्या गाडीत थोडा उपयोग होईल, चार बाया श्वास घेत बसल्यावर ते बिचारं मीठ काय करणार? आणि सांडलं तर पत्रा गंजवणार. मी काही ते ठेवत नाही.

आता काच स्वच्छ ठेवण्याबद्दल. आपण गाडी धुतो ती बाहेरून. समोरच्या काचेची आतली बाजू कुणी धुतच नाही, कारण तिथे हात पोचायला अवघड आणि ती मळलेली दिसतही नाही. पण उन्हाळ्यात गाडी तापते तेव्हा डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकमधून बारीक तेलकट वाफ निघते, ती काचेवर आतून बसते. धूळ, अगरबत्तीचा धूर, कुणी ओढलेल्या विडीचा धूर, सगळं त्याच थरावर चिकटतं. अशा मळक्या काचेवर वाफ लवकर धरते आणि समोरच्या गाडीचा उजेडही पसरतो. पाण्यात थोडं व्हिनेगर, नाही तर भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब घालून काच आतून पुसायची, मग स्वच्छ पाण्याच्या फडक्याने, मग कोरड्या सुती कपड्याने. महिन्यातून एकदा पुरे. आणि हात किंवा पदर लावायचा नाही. हाताला क्रीम, केसांचं तेल, पोळीचं तूप, काय काय असतं! त्या तेलाचे फराटे काचेवर राहतात आणि ट्रकचा उजेड आला की चमकतात. गाडीत एक जुनं सुती धोतराचं फडकं वेगळं ठेवा, दुसऱ्या कशाला वापरू नका.

घरगुती उपायांची मी सातवीच्या मुलांकडून परीक्षाच घेतली. जुन्या फोटोफ्रेमच्या तीन काचा. एक साधी, एकीवर भांड्यांच्या साबणाचा थेंब चोळून कोरड्या कपड्याने चकचकीत पुसलेला, एकीवर कापलेला बटाटा घासलेला. खाली गरम पाण्याचं भगुणं. साधी काच लगेच पांढरी झाली. साबणाच्या काचेवर पाणी जमलं, पण थेंब झाले नाहीत, त्याचा पातळ पडदा पसरला आणि पलीकडचं अक्षर वाचता आलं. बटाट्याची काच आधी बरी वाटली, मग तिच्यावर पांढरट रेघा उठल्या. चौथा उपाय तंबाखूचा. ट्रकवाले पावसात काचेला बाहेरून तंबाखू चोळतात, हे तुम्ही पाहिलं असेल. शाळेत तंबाखू नेणं मला पटणारं नाही, म्हणून तो प्रयोग घरी केला. तपकिरी ओघळ आणि असा वास की आमच्या ह्यांनी विचारलं, "खर्रा सुरू केला की काय?" मुद्दा इतकाच की साबण जिंकला. साबण वाफ थांबवत नाही, तिचे थेंब होऊ देत नाही. दाढीचा फेस लावा म्हणून सांगतात तोही साबणच. मात्र थर जाड राहिला तर रात्री उजेड फाटतो, म्हणून घासून घासून पुसायचा आणि आठवड्याने पुन्हा लावायचा.

वायपर फिरवून आतली वाफ जात नाही, हे सांगायला नको. तरी घाईत माणूस तेच करतो. वायपरवरून आठवलं, हे यंत्र एका बाईच्या डोक्यातून आलंय. अमेरिकेतल्या अलाबामाची मेरी अँडरसन. १९०२ च्या हिवाळ्याच्या सुमारास ती न्यूयॉर्कला गेली होती. ट्रामच्या काचेवर बर्फाळ पाऊस साचायचा आणि चालकाला काही दिसेना म्हणून तो समोरची काच उघडून गाडी चालवायचा. सगळे गारठलेले, पण ही पद्धतच आहे म्हणून गप्प. मेरीने घरी परतल्यावर रबराची पट्टी लावलेला एक हात काढला, आतून दांडी ओढली की बाहेरची काच पुसणारा. १० नोव्हेंबर १९०३ ला तिला त्याचं पेटंट मिळालं. तिने कॅनडातल्या एका कंपनीला ते विकून पाहिलं, त्यांनी याला बाजारात किंमत नाही म्हणून नकार दिला. सतरा वर्षांनी पेटंटची मुदत संपली. पुढे गाडी म्हटली की वायपर असं झालं, तिला एक पैसा मिळाला नाही. २०११ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर अठ्ठावन्न वर्षांनी, अमेरिकेच्या नामवंत संशोधकांच्या यादीत तिचं नाव लागलं. 'बायकांना गाडीतलं काय कळतं' असं कुणी म्हटलं की मी हे नाव सांगते.

पावसाळ्यात मात्र वायपरचं काम पडतं, कारण तेव्हा गोष्ट उलटी होते. एसी लावून गाडी थंडगार केली की काच फ्रिजमधल्या बाटलीसारखी होते, वाफ बाहेरून धरते. बोट आतून फिरवून बघायचं. रेघ उमटली तर वाफ आत, नाही उमटली तर बाहेर. बाहेर असेल तर वायपर मारा आणि एसी थोडा कमी करा. थंडीत ज्यांच्या गाडीला एसी आहे त्यांनी तो खुशाल लावावा. "थंडीत एसी? डोकं फिरलं का?" असं घरातून ऐकावं लागेल, पण एसी हवा नुसती थंड करत नाही, तिच्यातलं पाणी काढून घेतो. गाडीखाली टपटप पडतं ते तेच पाणी. एसी आणि हिटर दोन्ही लावले की कोरडी, गरम हवा काचेवर जाते आणि काच बघता बघता साफ होते.

रात्रभर उघड्यावर उभ्या गाडीवर बाहेरून दव पडतं ते वेगळं. समोरच्या काचेवर रात्री जुनी चादर टाकून, तिची टोकं दारात अडकवली की सकाळी काम सोपं. पत्र्याखाली गाडी ठेवली तर दव पडतच नाही म्हणा. काही जण बंबातलं कढत पाणी ओततात. ते नको. काचेला कुठे खडीचा बारीकसा टवका उडालेला असेल तर तिथून तडा जातो.

या सगळ्यापेक्षा अवघड एक गोष्ट आहे, ती म्हणजे "थांबा" म्हणणं. माझ्या जावेचं उदाहरण देते. अकोल्याला दवाखान्यात जायचं म्हणून ती आणि भावजी पहाटे निघाले. मालेगाव गेलं, मेडशी गेलं, पुढे पातूरचा घाट. काच धुरकट, ती पुसून पुसून थकली. म्हणाली, "पाच मिनिटं थांबू या का?" उत्तर आलं, "दिसतंय मला." आपल्यापैकी कितीजणींनी हे उत्तर ऐकलंय! ताशी साठ किलोमीटरला गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर जाते. समृद्धी महामार्गावर १२० च्या वेगाने तेहतीस मीटर, आणि तो रस्ता आता आपल्या कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव तालुक्यांतूनच जातो. तीन सेकंद काच पुसण्यात गेले तर शंभर मीटर आंधळेपणाने कापले. जाऊबाईंनी वाद घातला नाही. आपल्या बाजूची काच सरळ खाली घेतली, हात मागे घालून मागच्या सीटवरचीही घेतली. भावजी थंडीने चिडले, पण घाट दिसायला लागला. तिने मला हे सांगितलं तेव्हा मी तिला आमच्या पोह्यांच्या डब्याची गोष्ट सांगितली.

आणि खरोखर थांबायची वेळ आली तर गाडी डांबरावर उभी करू नका. रस्ता सोडून पूर्ण खाली घ्या, पार्किंगचे दिवे लावा, मग काच बघा. बाहेरच धुवारी दाट असेल तर हेडलाइट वरचा नको, खालचा ठेवा. वरचा उजेड धुवारीवर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावून ठेवणारे खूप दिसतात. त्याने तुम्ही कुठे वळणार ते मागच्याला कळतच नाही.

राहता राहिला हिटर. आमच्या ८०० मध्ये हिटरचा खटका आहे, पण गरम हवा कधी आलीच नाही. सगळ्यांना वाटायचं, बिघडलाय. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मॅडमनी गाडी मिस्त्रीकडे नेली, मीही सोबत गेले. त्याने वाकून पाहिलं आणि हसला. "मॅडम, हे तं बायपास हाय. कोन्तरी हिटरचे दोनी पाइप काढून एकमेकाले जोडून देल्ले." जुन्या गाड्यांत असं सर्रास करतात म्हणे. इंजिनचं गरम पाणी हिटरच्या जाळीतून फिरतं, ती जाळी किंवा तिचा वॉल्व्ह गळायला लागला की नवीन टाकण्यापेक्षा पाइपच वळवून देतात. कारण आपल्याकडे हिटर लागतो कुणाला? तुमच्या जुन्या गाडीलाही गरम हवा येत नसेल तर हे एकदा विचारून बघा. आणि ज्यांचा हिटर चालू आहे त्यांना मिस्त्रीने आणखी एक खूण सांगितली. काचेवर चिकट वाफ धरते, पुसली तरी तेलकट राहते, गाडीत गोडसर वास येतो आणि पायाखाली ओल लागते, असं असेल तर ती श्वासाची वाफ नव्हे. हिटरची जाळी गळतेय आणि कूलंट आत येतंय. ते फडक्याने जाणार नाही आणि तशीच गाडी चालवली तर इंजिनातलं पाणी संपून ते तापेल.

आमच्या गाडीची जाळी त्याने धुऊन, फुंकून पाहिली, ती शाबूत निघाली. वॉल्व्ह मात्र गेलेला होता. मिस्त्री आधी नाहीच म्हणत होता, "वाशिमात हिटर कायले पायजे मॅडम, हे काय काश्मीर हाय का?" गणिताच्या मॅडमनी त्याला ट्रॉलीची हकिगत सांगितली. मग त्याने अकोल्याहून एका मोडीत निघालेल्या गाडीचा वॉल्व्ह मागवून बसवून दिला. आता इंजिन तापायला पाच-सात मिनिटं लागतात, तोवर दोन काचा बोटभर उघड्या, ब्लोअर काचेवर, आणि काच साफ झाल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढायची नाही. पोह्यांचा डबा डिक्कीत. पैसे देताना मिस्त्रीने बजावलं, वॉल्व्ह जुना आहे, नीट बंद होतो का ते उन्हाळ्याच्या आधी दाखवून घ्या, नाही तर मे महिन्यात पायाले चटके बसतीन. एप्रिलमध्ये परीक्षा आटोपल्या की त्याच्याकडे एक चक्कर मारायची आहे.